मुलांचा माइक

४ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

मी फोन उचलत नाही म्हणून एवढी फुगून बसू नकोस. दिवसभर वर्गात बोलल्यावर संध्याकाळी पुन्हा फोनवर बोलायचं जिवावर येतं. पत्र बरं. दोनदा वाचता येतं. गोटीशी बोलायचं तर तिलाच फोन कर, ती आहेच घरात.

तुझी लेक मजेत आहे. जेवते, झोपते, उलट बोलते. वर्गात मला ‘बाई’ म्हणते आणि घरी ‘मावशी’. चूक एकदाही झालेली नाही. इतकी हिशेबी कुणावर गेली कोण जाणे.

काल शाळेनं मला शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनाला पाठवलं. मोठ्या बाईंचा हुकूम होता, ‘सगळं बघा, एकच वस्तू निवडा, आणि ती का निवडली ते मला पटवा.’ मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या आम्हालाही पाचवीतली मुलं समजतात.

हॉल एवढा मोठा की समोरची भिंत धूसर दिसत होती. खाली गालिचा, वर पांढरे दिवे. एका फळ्यावर मी बोटानं वर्तुळ काढलं, तर फळ्यानं ते पुसून स्वतःचं काढलं. माझं काही वाईट नव्हतं. एका ठिकाणी कॅमेरा होता, किती मुलं बाईंकडे बघताहेत ते मोजणारा. आमचे चित्रकलेचे सर त्याच्यासमोर उभे राहिले, तर त्यानं शून्य दाखवलं. ते म्हणाले, ‘अचूक आहे.’

शेवटी आवाजाच्या स्टॉलवर गेले. टाय लावलेला एक माणूस होता. म्हणाला, ‘मॅडम, तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का?’

‘माझा जातो,’ मी म्हटलं. ‘त्यांचा येत नाही.’

तो हसला. मीही हसले.

वस्तू साधी आहे. एक माइक बाईंच्या गळ्यात. त्याचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून वर्गभर जातो. दुसरा मुलांचा माइक, तो हातोहात फिरवायचा. त्याचा आवाज बाईंच्या कानात घातलेल्या बोंडातून फक्त बाईंना ऐकू येतो. पार शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचतो म्हणे. टायवाल्यानं बजावलं, ‘वर्गाबाहेर जाताना गळ्यातला बंद करायचा. एक मॅडम तसाच घालून बाथरूमला गेल्या होत्या.’ मग मला दाखवायला बोंड माझ्या कानात देऊन तो मुलांचा माइक घेऊन लांब टोकाला गेला आणि तिथे आपल्या जोडीदाराला हळूच म्हणाला, ‘म्हातारी काही घेत नाही. पिशवी देऊन कटव.’ मी मान न वळवता म्हटलं, ‘पिशवी निळी द्या.’ त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

मी तेच यंत्र निवडलं आहे. मागच्या बाकावरच्या मुलांसाठी. तसा यंदाचा वर्ग सोन्यासारखा आहे. गलका म्हणून नाही. प्रश्न विचारला की उभी राहतात, उत्तर देतात, मी ‘छान’ म्हणते, बसतात. इतका शांत वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

तुझी तब्येत सांभाळ.

तुझी
ताई


१३ ऑगस्ट

ताई,

पत्र पोचलं. ह्यांनी विचारलं, ‘तुझी बहीण अजून पत्रं लिहिते? फोन नाही का तिच्याकडे?’ मी म्हटलं, जुन्या वळणाची आहे.

एक सांग. यंत्र मुलांसाठी, आणि बोंड तुझ्या कानात. असं कसं गं?

गोटी म्हणते, मावशीला डाव्या बाजूनं हाक मारली तर भिंतीला मारल्यासारखी. उजव्या बाजूनं मारली तर ‘कोण?’ म्हणून दाराकडे बघते. परवा कुकर शिट्ट्या मारून मारून करपला आणि तू शेजारी बसून वह्या तपासत होतीस. मी आधी हसले. मग आपले बाबा आठवले. त्यांचेही कान असेच गेले होते. कबूल केलं का कधी? रेडिओ बिघडलाय म्हणून तीन रेडिओ बदलले. तू नाकापासून खाली अख्खी त्यांच्यावर गेली आहेस.

रागावू नकोस, पण मोठ्या बाईंना कळलं तर? तुमच्या इतिहासाच्या सरांचे डोळे गेले तेव्हा त्यांना ग्रंथालयात बसवलं होतं ना? अजून पुस्तकांना कव्हरं घालतात म्हणालीस. तुझ्याकडून वर्ग काढून घेतला तर तू दिवसभर करणार काय? तुला घर म्हणून दुसरं आहेच काय.

माझी बातमी. मला चौथा महिना लागला. ह्यांची आई मला उठू देत नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरात कुणी मला गरम जेवायला वाढतं आहे. गोटीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘पण परीक्षा झाली की मी येणार ना?’ मी म्हटलं, वेडी आहेस का, न्यायला मी स्वतः येणार. हे या दुसऱ्या लग्नाआधीच कबूल झालं आहे, वर्षभरात मुलीला घरी आणायचं म्हणून. खिडकीजवळची खोली तिची. पडद्यांचा रंगही तिनं सांगून ठेवला आहे.

कान दाखवून घे. लपवून काय मिळतं?

तुझी
धाकटी


२९ ऑगस्ट

धाकटे,

होय. मला ऐकू येत नाही. डावा कान गेला आहे, उजवा जातो आहे. मी तोंडं वाचते. झालं समाधान?

यंत्र आलं. दोन महिने वापरून बघा, मग ठेवा, असं ठरलं आहे. पहिल्या दिवशी मी बोंड कानात घातलं, मुलांचा माइक पहिल्या बाकावर दिला आणि नदीवर प्रश्न विचारला. एक मुलगी उठली. तिचं तोंड हललं. कानात काही नाही. ‘मोठ्यानं,’ मी म्हटलं. तोंड मोठं झालं. काही नाही. माइक दुसऱ्याला दिला, तिसऱ्याला दिला. तोंडं हलत होती, यंत्र मुकं. मी टायवाल्याला निरोप पाठवला की यंत्र खराब निघालं.

तो दुसऱ्या दिवशी आला. शेवटच्या बाकाजवळ उभा राहून माइकमध्ये म्हणाला, ‘मॅडम, ऐकू येतंय?’ स्पष्ट आलं. त्याच्या घशातली खरखरसुद्धा आली. मग मी पुन्हा प्रश्न विचारला. मुलगा उठला, माइक हातात घेतला, तोंड हललं. काही नाही. मी टायवाल्याकडे पाहिलं. बघा, म्हटलं ना?

त्यानं मुलाच्या हातातून माइक घेतला. वर्गाकडे पाठ केली आणि अगदी हळू बोलला. माझ्या एकटीच्या कानात आलं, ‘मॅडम, यंत्र चांगलं आहे. ही मुलं बोलतच नाहीयेत. नुसती तोंडं हलवताहेत.’ मग म्हणाला, ‘हे केव्हापासून चाललंय?’

मी सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं म्हटलं, ‘आता बरोबर येतंय. धन्यवाद.’

केव्हापासून, ते मला माहीत नाही. शाळा उघडली तेव्हापासून असेल. मी प्रश्न विचारायचा, त्यांनी उभं राहून हवा चावायची, मी ‘छान’ म्हणायचं, त्यांनी बसायचं. म्हणून वर्ग इतका शांत होता. हसू फुटू नये म्हणून ती ओठ आवळायची आणि मला वाटायचं, किती मन लावून ऐकतात.

तुझी लेक तिसऱ्या बाकावर बसते. मागच्या आठवड्यात तिनं उठून एक भलंमोठं उत्तर दिलं होतं. हातवाऱ्यांसकट. मी तिला दोनदा ‘छान’ म्हटलं होतं.

ताई


७ सप्टेंबर

ताई,

वाचून वाईट वाटलं. पण मुलं आहेत गं. आपण काय कमी होतो? त्या शिवणाच्या बाईंसारखी तू कशी चालून दाखवायचीस, पाय ओढत? आम्ही पोट धरून हसायचो. गोटीला मारलंबिरलं नाहीस ना? तिनं हे सुरू केलेलं नाही, मी विचारलं. ती म्हणते, सगळे करायचे म्हणून मीही केलं.

आता एक सांगते, ते पोटात ठेव.

गोटीला मला आणता येणार नाही. परीक्षेनंतर नाही, आणि नंतरही नाही. ह्यांनी स्पष्ट सांगितलं, आपलं मूल येतंय, आता घरात दुसऱ्याचं नको. मी रडले. हे शांतपणे म्हणाले, ‘तुला जायचं असेल तर तू जा तिच्याकडे.’ या अवस्थेत कुठे जाऊ? खिडकीजवळची खोली बाळासाठी रंगवून झाली. सासूबाईंनी पाळणाही आणला.

तू तिला ठेवून घे. तुलाही सोबत होईल. तुला मूलबाळ नाही, संसार नाही, उद्या अंथरुणाला खिळलीस तर पाणी द्यायला कुणीतरी हवं. मी तुझ्या भल्याचं सांगते आहे. पण तिला आत्ता कळू देऊ नकोस. ती त्या खोलीवर जगते आहे. परीक्षा होऊ दे, मी स्वतः येऊन सांगेन. आईच्या तोंडून कळलेलं वेगळं असतं.

तुझ्या कानांचं मी कुणाला बोलत नाही. तू हे कुणाला बोलू नकोस. दोघींचंही राहील.

तुझी
धाकटी


२२ सप्टेंबर

धाकटे,

‘दोघींचंही राहील’ हे वाक्य तू फार चांगलं लिहिलंस. मी तुझ्या जागी असते तर इतकं सरळ लिहिलं नसतं.

आमच्या वर्गात आता सगळं बदललं आहे. तास संपला की मी मुलांचा माइक टेबलाच्या खणात ठेवते, चालू. खण जरा उघडा ठेवते. बोंड कानात राहू देते, वर केस आहेतच. शिक्षकांच्या खोलीत जाऊन चहा घेते आणि ऐकते.

पहिल्याच दिवशी कळलं. मला ती ‘भिंत’ म्हणतात. ‘भिंत आली’, ‘भिंतीनं आज कुठली साडी नेसली’. एक मुलगा माझं ‘छान’ म्हणून दाखवतो, हुबेहूब. दुसऱ्या दिवशी मी त्याला उभं केलं आणि म्हटलं, ‘छान कसं म्हणतात ते दाखव बघू. काल दाखवलंस तसं.’ त्याचे कान लाल झाले. मी त्याला तास संपेपर्यंत ‘छान’ म्हणायला लावलं. शेवटी शेवटी तो रडत म्हणत होता. जिनं माझ्या साडीवर विनोद केला होता, तिला मी वर्गासमोर तिच्या आईच्या कपड्यांचं वर्णन करायला सांगितलं. तिची आई लोकांकडे भांडी घासते.

आता मुलं मागे वळून न बघता मी कुठे आहे ते सांगू शकतात. आपसांत बोलायची बंद झाली आहेत. कुणीतरी चुगली करतं असं त्यांना वाटतं, म्हणून रोज एकेकाला वाळीत टाकतात. माइक खणात आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. जी बाई ऐकत नाही तिचा माइक कोण तपासेल?

तुला धक्का बसेल, पण इतक्या वर्षांत मला शिकवायला इतकी मजा आली नव्हती.

गोटीला मी अजून हात लावलेला नाही. तिचं मात्र रोज ऐकते. ती त्यांना तुझ्या घरातल्या तिच्या खोलीबद्दल सांगते. खिडकीतून काय दिसतं, पडदे कसे आहेत, टेबल कुठे ठेवणार. मैत्रिणी विचारतात आणि ती नवं नवं जोडते. काल तिनं खोलीला एक सज्जाही दिला. आणि म्हणाली, ‘परीक्षा झाली की मी चालले. जाताना मोठ्या बाईंना सांगूनच जाणार, आमच्या मावशीला काडीचं ऐकू येत नाही. बसू दे तिला कव्हरं घालत.’

सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी वर्ग हसला.

ताई


३० सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू काय करते आहेस? शाळेतली पोरं ती. भांडी घासणारीच्या मुलीला तसं विचारताना तुझी जीभ अडखळली नाही?

गोटी बारा वर्षांची आहे. ती बोलली ते चुकलं, मी तिला फोनवर चांगलं झापलं. कसं कळलं ते सांगितलं नाही, नाहीतर तुझा माइक उघडा पडला असता. एवढं तरी तुझ्यासाठी केलं. ती रडली. म्हणाली, ‘आई, मावशीला कुणीतरी सांगतं. मला भीती वाटते. आत्ताच ने ना मला.’ मी काय उत्तर देऊ?

तू तिला खोलीबद्दल काही बोलणार नाहीस. शपथ घे. ती तुझ्या विरुद्ध बोलली म्हणून तू तिच्या पायाखालची जमीन काढून घेणार नाहीस. घेतलीस तर मीही गप्प बसणार नाही. मोठ्या बाईंचा पत्ता मला माहीत आहे.

उलट टपाली लिही. वाट बघते आहे.

धाकटी


१५ ऑक्टोबर

धाकटे,

उशीर झाला. उलट टपाली लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत गेले. बाहेर मैदानात काम चाललं होतं, म्हणून मुलं वर्गातच डबे खात होती. मुलांचा माइक खणात, बोंड कानात, माझा माइक गळ्यात. समोर गणिताच्या बाई. त्यांना कुणाच्याही घरचं ऐकायला आवडतं, तुला माहीत आहे.

त्यांनी विचारलं, ‘काय हो, तुमची भाची परीक्षेनंतर जाणार ना?’

मी म्हटलं, ‘कुठली जातेय. तिची आई नेणार नाही.’

‘अगं बाई. का?’

‘नवऱ्याला नकोय. नवीन मूल होतंय त्यांना. खोलीत पाळणा आलाय.’

‘आणि पोरीला माहीत आहे?’

‘नाही. ती बिचारी पडद्यांचे रंग ठरवते आहे. परीक्षा होईपर्यंत सांगू नकोस असं आईनं कळवलंय.’

मोठ्या बाईंना मी सांगितलं, माइक बंद करायला विसरले. सगळ्याच शिक्षकांकडून असं होतं, टायवाल्यानंही त्यांना तेच सांगितलं. तुला खोटं सांगण्यात अर्थ नाही. पहिलंच वाक्य बोलले तेव्हा भिंतीवरच्या स्पीकरमधून निघालेला माझा आवाज खणातल्या माइकनं उचलला आणि माझ्याच कानात परत आला. जरासा उशिरा, वर्गातल्या डब्यांच्या आवाजासकट. दुसऱ्या वाक्याला डब्यांचा आवाज थांबला. मी बोलत राहिले.

शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘मग सज्जा?’

हसले सगळे. मनापासून.

मी वर्गात गेले तेव्हा ती सरळ बसली होती. डबा बंद करून दप्तरात ठेवला होता. मी नकाशा लावला आणि तास घेतला. तिला प्रश्न विचारला नाही. मला वाटलं होतं, घरी येऊन थयथयाट करेल. आली, हातपाय धुतले, अभ्यासाला बसली.

ताई


२० ऑक्टोबर

तुला ताई म्हणायची मला लाज वाटते.

गोटीला काल फोन केला. तिनं उचलला. मी दहा वेळा ‘बाळा’ म्हटलं. तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, बोल गं, आईवर ओरड, काहीही बोल. ती म्हणाली, ‘तुमची तब्येत बरी आहे ना?’ तुमची! माझ्या पोटची पोर मला अहोजाहो करते.

मला सांगायचं होतं. मी सांगणारच होते. तिला मांडीवर घेऊन सांगितलं असतं, ती रडली असती, मी रडले असते, काहीतरी उरलं असतं. तू ते स्पीकरवरून वाजवलंस. डबे खाणाऱ्या पोरांसमोर.

मी मोठ्या बाईंना सगळं लिहिलं आहे. तुझे कान, खणातला माइक, सगळं. खाली सही केली आहे आणि गोटीला विचारा असंही लिहिलं आहे. आता बस कव्हरं घालत.


५ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र मोठ्या बाईंना मिळालं. त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि ते माझ्यासमोर वाचलं. तोंड पत्रात घालून वाचत होत्या, म्हणून मला अर्धंच कळलं. पण काय असेल ते माहीत होतं. मी म्हटलं, घरची भांडणं आहेत. त्या म्हणाल्या, ‘तेच बघायचं आहे,’ आणि शिपायाला पाठवून गोटीला बोलावलं.

खोटं कशाला सांगू? तिनं नुसतं ‘आईचं खरं आहे’ म्हटलं असतं तरी माझा वर्ग गेला असता.

ती आली. टेबलापाशी न जाता माझ्या उजव्या बाजूला, जरा पुढे, तोंड मला दिसेल अशी उभी राहिली. मोठ्या बाईंनी विचारलं, ‘तुझ्या मावशीला नीट ऐकू येतं का?’

‘येतं,’ ती म्हणाली. ‘सगळं ऐकू येतं.’

‘आणि माइकचं काय?’

‘बाई विसरल्या.’

‘हे तुझ्या आईचं अक्षर आहे ना?’

‘हो.’

‘मग आईनं असं का लिहिलं?’

तिनं थोडा विचार केला. ‘आई खोटं बोलते,’ ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी पत्र घडी करून मला परत दिलं. यंत्र शाळेनं ठेवून घेतलं आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गांसाठीही घेणार आहेत, आणि कसं वापरायचं ते इतर शिक्षकांना मी शिकवायचं आहे.

मला आधी वाटलं, पोरगी मोठ्या मनाची निघाली. मग कळलं. माझा वर्ग गेला असता, तर मी तिला घरात ठेवलं असतं का? ते तिला सांगता येत नव्हतं. मलाही येत नाही. तिनं दोन घरं मोजली आणि उरलेलं एक सांभाळलं. म्हटलं होतं ना, हिशेबी आहे.

आता ती पहिल्या बाकावर बसते. मुलांचा माइक तिच्या ताब्यात असतो. कोण काय बोलतं ते ती मला न विचारता सांगते, त्यामुळे खणात काही ठेवावं लागत नाही. वर्गात तिच्याशी कुणी बोलत नाही. घरी झाडते, भांडी लावते, डाव्या बाजूनं कधी येत नाही. तुझा फोन वाजला की मला येऊन सांगते. उचलू का, म्हणून थांबते. मी नाही म्हणून मान हलवते. ती परत जाते आणि वाजू देते. म्हणून फोन करण्यात काही अर्थ नाही. तब्येत जप.

काल जेवताना तिनं मला काहीतरी विचारलं. घास खाली ठेवून, तोंड समोर करून, एकेक शब्द सुटा करून. ‘मावशी, मी इथे कायमची राहू शकते ना?’ न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी म्हटलं, ‘काय?’

तिनं पुन्हा विचारलं. आणखी सावकाश.

मी म्हटलं, ‘काय?’

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

ताई